कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवल्याची केस: सांता क्लारा काउंटीत पुढे काय होतं, कोणते कागद लागतात

सॅन होजे, सनीवेल, क्युपर्टिनो हा सगळा पट्टा सांता क्लारा काउंटीत येतो. इथे दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं, म्हणजेच ‘डीयूआय’ लागलं, की एक नाही, दोन प्रकरणं सुरू होतात. एक काउंटीच्या सुपीरियर कोर्टात आणि दुसरं लायसन्स देणाऱ्या डीएमव्हीकडे. आपली बरीच मंडळी कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसतात. ती तारीख काही आठवड्यांनी असते. डीएमव्हीची मुदत मात्र अटकेपासून १० दिवसांत संपते.

अटकेच्या वेळी पोलीस कॅलिफोर्नियाचं लायसन्स काढून घेतात आणि एक गुलाबी कागद हातात ठेवतात. तो जपून ठेवा. ३० दिवसांपुरतं तात्पुरतं लायसन्स तोच आणि निलंबनाची नोटीसही तोच. १० दिवसांत डीएमव्हीच्या ड्रायव्हर सेफ्टी कार्यालयाकडे सुनावणी मागितली नाही, तर ३० दिवसांनी निलंबन आपोआप लागू होतं. सुनावणी स्वतः फोन करूनही मागता येते, त्यासाठी वकील ठरण्याची वाट बघू नका. पहिल्या वेळी निलंबन ४ महिन्यांचं असतं. अटकेनंतरची श्वासाची किंवा रक्ताची चाचणी नाकारली असेल, तर पूर्ण वर्षाचं. अटकेआधी रस्त्यावरच फुंकायला लावतात त्या छोट्या यंत्राला २१ वर्षांवरचा माणूस सहसा नकार देऊ शकतो, अटकेनंतरच्या चाचणीला नाही. हा फरक ऐनवेळी कुणाला आठवत नाही.

आणखी एक गैरसमज मर्यादेचा. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, कॅलिफोर्नियात ०.०८ टक्के, म्हणजे ८० मिलिग्रॅम. त्यावरून ‘इथे दोन बिअर चालतात’ असं पार्टीत सांगणारा एकजण भेटतोच. पण कायद्यात दोन वेगळी कलमं आहेत. आकडा ०.०८ च्या खाली असला तरी गाडी नीट चालवण्याची क्षमता दारूने कमी झाली होती असं सिद्ध झालं, तर गुन्हा होतोच. २१ वर्षांखालच्यांना ०.०१ टक्क्यालाही लायसन्स गमवावं लागतं.

कोर्टातली पहिली तारीख

तारीख आणि ठिकाण तुम्ही सही केलेल्या नोटिशीवर असतं. त्या दिवशी तुमचं नाव यादीत नसलं तर प्रकरण मिटलं असं समजू नका. साध्या डीयूआयचा आरोप दाखल करायला डिस्ट्रिक्ट अॅटर्नीला, म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलाला, साधारण वर्षभराची मुदत असते. मधल्या काळात घर बदललं आणि कोर्टाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, की तारीख चुकते आणि वॉरंट निघतं.

पहिल्या तारखेला आरोप सांगतात आणि तुमचं उत्तर विचारतात. गुन्हा कबूल, नाकबूल किंवा ‘नो कॉन्टेस्ट’ (कबूल म्हणत नाही, पण आरोपाला विरोधही करत नाही) यांपैकी एक. लाज वाटते, प्रकरण लवकर संपवायचं असतं, म्हणून तिथेच कबूल करून मोकळे होणारे खूप असतात. माझ्या मते ही सगळ्यात महागडी घाई. नाकबूल म्हटल्याने काहीच बिघडत नाही; उलट पोलिसांचा अहवाल, यंत्राच्या तपासणीच्या नोंदी, व्हिडिओ हे सगळं बघायला मिळतं. वकील परवडत नसेल तर पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणारा बचावाचा वकील, मागता येतो. त्यासाठी उत्पन्नाची माहिती द्यावी लागते, नागरिक असण्याची अट नाही. इंग्रजी अडत असेल तर दुभाषाही विनामूल्य मिळतो, फक्त कोर्टाला आधी कळवावं लागतं. वकील असेल तर साध्या गुन्ह्यात बहुतेक तारखांना तोच तुमच्या वतीने उभा राहू शकतो.

तडजोड आणि शिक्षा

बहुतेक प्रकरणं ज्युरीपर्यंत जात नाहीत, सरकारी वकिलाशी बोलणी होऊन मिटतात. आकडा ०.०८ च्या आसपास असेल किंवा पुराव्यात कच्चा दुवा असेल, तर आरोप ‘वेट रेकलेस’वर, म्हणजे दारूचा उल्लेख असलेल्या बेदरकार ड्रायव्हिंगवर आणता येतो. शिक्षा हलकी होते, पण १० वर्षांत पुन्हा पकडलं गेलं तर हीदेखील आधीची शिक्षा म्हणून मोजली जाते. इतर किरकोळ गुन्ह्यांत वर्ग किंवा समुपदेशन पूर्ण करून खटला रद्द करून घेण्याची सोय असते. ती डीयूआयला मिळत नाही. सैन्यात असलेल्यांचा किंवा माजी सैनिकांचा अपवाद सोडला तर.

पहिल्या गुन्ह्याला ३ ते ५ वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या अटी पाळण्याचा काळ, असतं. दंड कायद्यात ३९० ते १,००० डॉलर लिहिलेला असला, तरी त्यावरचे अधिभार धरून तो कित्येक पटींनी वाढतो. डीयूआय शाळा, म्हणजे दारू आणि ड्रायव्हिंगविषयीचे सक्तीचे वर्ग, साधारण ३ महिन्यांची, आकडा ०.२० किंवा जास्त असेल तर ९ महिन्यांची. तिची फी वेगळी. गाडीत १४ वर्षांखालचं मूल असेल तर किमान ४८ तासांचा तुरुंगवास वाढतो. कुणाला इजा झाली असेल तर प्रकरण फेलनीपर्यंत, म्हणजे गंभीर गुन्ह्यापर्यंत, जाऊ शकतं, आणि मग या लेखावर विसंबू नका.

निलंबनाच्या काळात कामावर जाण्यापुरतं मर्यादित लायसन्स मिळतं, किंवा गाडीत श्वास तपासल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं यंत्र बसवून कुठेही जाता येईल असं. त्यासाठी डीएमव्हीला डीयूआय शाळेत नाव घातल्याचा पुरावा, विमा कंपनीने भरलेला ‘एसआर-२२’ फॉर्म (विमा असल्याचा पुरावा), शुल्क आणि यंत्राचा पर्याय घेतला असेल तर ते बसवल्याचं प्रमाणपत्र लागतं. एक लक्षात घ्या: कोर्टात खटला मागे घेतला गेला, तरी डीएमव्हीचं निलंबन त्यामुळे आपोआप उठत नाही.

व्हिसावर असाल तर

एच-१बी, एल-१ अशा नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरच्यांची खरी डोकेदुखी इथे आहे. नुसत्या अटकेवरूनही अमेरिकन वकिलात पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकते, कोर्टाचा निकाल लागायच्या आधी. तेवढ्याने अमेरिकेतलं वास्तव्य सहसा बेकायदा ठरत नाही, पण दिवाळीला पुण्याला गेलात तर परत येण्यासाठी नवा व्हिसा लागतो. गेल्या ५ वर्षांत दारूसंबंधी एक अटक असेल, तर त्यासाठी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे वैद्यकीय तपासणी होते आणि व्हिसा लांबतो. केस चालू असताना तिकीट काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

एकट्या साध्या डीयूआयमुळे सहसा देश सोडावा लागत नाही. गाडीत अमली पदार्थ सापडले असतील तर मात्र गणित पूर्ण बदलतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पॅडिला निकालापासून फौजदारी वकिलाने परदेशी अशिलाला कबुलीच्या इमिग्रेशनवरच्या परिणामांबद्दल सल्ला देणं बंधनकारक आहे. तरीही पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) आणि आय-७९७ (इमिग्रेशन अर्ज मंजूर झाल्याची नोटीस) यांच्या प्रती त्याला स्वतःहून द्या. ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणजे गुन्हा कबूल नाही, असं इमिग्रेशन खातं मानत नाही. तिथे ती दोषसिद्धीच.

प्रोबेशन पूर्ण झाल्यावर दोषसिद्धी रद्द करून घेण्याचा अर्ज कोर्टात करता येतो. नोकरीसाठी त्याचा उपयोग होतो. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जात मात्र अटक सांगावीच लागते. तेव्हा प्रकरण संपलं की क्लार्कच्या खिडकीवरून निकालाच्या दोन-तीन प्रमाणित प्रती लगेच काढून घ्या. अनेक वर्षांनी, दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यावर, त्या मागवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.