डी. वाय. पाटील स्टेडियम : नेरूळच्या मैदानाची पार्श्वभूमी

2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय महिला संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला तो नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. मूळ वेळापत्रकात या मैदानाचं नाव नव्हतं. जूनमध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली, तिथले सामने हलवावे लागले आणि नेरूळची निवड झाली. ती अगदी योग्य होती, कारण महिला क्रिकेटचा प्रेक्षक इथे आधीच तयार झाला होता.

सायन-पनवेल महामार्गालगतचं हे स्टेडियम मार्च 2008 मध्ये खुलं झालं. आराखडा हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. छताला पुढून खांबांचा आधार नाही, त्यामुळे गॅलरीत कुठेही बसलं तरी खेळ आडोशाविना दिसतो. त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथे झाला. राजस्थानने तो शेवटच्या चेंडूवर जिंकला. पुरुषांचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट मात्र इथे रुजलं नाही. नोव्हेंबर 2009 मधला भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसाने एकही चेंडू न टाकता रद्द झाला. मोठे सामने वानखेडेकडेच राहिले.

मग मैदानाने इतर खेळांना जागा दिली. 2014 मध्ये मुंबई सिटी एफसीचा फुटबॉल आला, 2017 मध्ये 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आणि 2022 मध्ये त्याच वयोगटातल्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. जस्टिन बीबर, यू टू, कोल्डप्ले यांचे कार्यक्रमही इथलेच.

पण माझ्या मते या मैदानाचा खरा दिवस 11 डिसेंबर 2022. भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-ट्वेंटी, प्रवेश मोफत, गॅलऱ्या खच्चून भरलेल्या. शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या होत्या. पुण्याच्या देविका वैद्यने चौकार मारला, सामना 187 वर बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हरमध्ये भारत जिंकला. खेळाडूंनी तिरंगा घेऊन मैदानाला फेरी मारली. महिलांच्या सामन्याला लोक येत नाहीत, हे म्हणणं त्या रात्री खोटं ठरलं.

पुढच्याच मार्चमध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना इथे झाला, डिसेंबरमध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी भारताने 347 धावांनी जिंकली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला, तरी प्रेक्षक जागचे हलले नाहीत. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.