बॅटरी पासपोर्ट

बॅटरी पासपोर्ट म्हणजे एकेका बॅटरीची, ती बनल्यापासून मोडीत निघेपर्यंतची डिजिटल नोंदवही. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमाने ती सक्तीची केली. नियमात ठरलेली तारीख १८ फेब्रुवारी २०२७ आहे. विद्युत मोटारी, ई-सायकल व ई-स्कूटरसारखी हलकी वाहने आणि २ किलोवॅट-तासांहून अधिक क्षमतेच्या औद्योगिक बॅटऱ्या तिच्या कक्षेत येतात. कारखाना कुठेही असो. चाकणला बनलेली स्कूटर युरोपात विकायची, तर तिच्या बॅटरीलाही पासपोर्ट लागेल.

यात खरे वजन 'एकेका' या शब्दाला आहे. मॉडेलचे माहितीपत्रक आणि बॅच क्रमांक पूर्वीपासून आहेत. पण एकाच दिवशी एकाच लाइनवरून उतरलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक घरी रात्रभर सावकाश चार्ज होते, दुसरी डिलिव्हरीच्या गाडीत उन्हातान्हात राबते आणि दिवसातून दोनदा फास्ट चार्जरला लागते. दोन वर्षांनी त्यांची उरलेली क्षमता सारखी नसते. माहितीपत्रकात मात्र त्या सारख्याच दिसतात, आणि फसतो तो सेकंडहँड घेणारा. म्हणून किती वेळा चार्जिंग झाले, क्षमता किती उरली, अपघात झाला का, हेही पासपोर्टात नोंदवायचे असते.

बॅटरीवर फक्त क्यूआर कोड असतो. माहिती उत्पादकाच्या किंवा त्याने नेमलेल्या संस्थेच्या सर्व्हरवर राहते. वस्तूवर ओळख क्रमांक आणि तपशील नेटवर्कवर, ही मांडणी अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेल्या ऑटो-आयडी सेंटर या संशोधन केंद्राने आरएफआयडी टॅगसाठी, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या चिपसाठी, पुढे आणली होती.

घटकद्रव्ये, कार्बन पदचिन्ह (बॅटरीमुळे होणारे कार्बन उत्सर्जन) आणि पुनर्चक्रित कोबाल्ट, लिथियम, निकेल व शिसे यांचे प्रमाण कोणालाही पाहता येते. खोलण्याची माहिती मात्र 'वैध हितसंबंध' (ती कामासाठी लागण्याचे रास्त कारण) असणाऱ्यांपुरती आहे: कोणता भाग आधी काढायचा, जोड किती आणि कसे, हत्यार कोणते, धोका कुठे. सर्वांत मोलाचा भाग हाच. मोटारीच्या पॅकमध्ये शेकडो व्होल्ट असतात. चुकीच्या जागी पाना लागला तर माणूस जातो. त्यामुळे लहान गॅरेजवाला आणि मोडतोड करणारा कामगारही या व्याख्येत बसलाच पाहिजे.

मोटारीतून काढलेली बॅटरी सौरऊर्जा साठवायला वापरली, तर तिची जबाबदारी नव्या व्यावसायिकाकडे जाते. तिला नवा पासपोर्ट मिळतो आणि तो जुन्याशी जोडलेला राहतो. बॅटरीचे पुनर्चक्रण झाले की पासपोर्ट संपतो.