मॅन्युअल की ऑटोमॅटिक? हिशेब क्लचच्या उष्णतेचा

पोर्शने २०२१ मध्ये ९११ जीटी३ ही गाडी आणली, तेव्हा तिच्यात दोन गिअरबॉक्सचा पर्याय ठेवला. इंजिन तेच, ताकद तीच. दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.४ सेकंदांत गाठते. हाताने गिअर टाकायची गाडी वजनाला हलकी, तरी तिला ३.९ सेकंद लागतात. २०२३ मध्ये विक्रीला आलेल्या बीएमडब्ल्यू एम२चंही तसंच होतं: ऑटोमॅटिक ४.१, मॅन्युअल ४.३. हात-पाय कितीही सरावलेले असोत, गिअर बदलताना माणसाचा थोडा वेळ जातोच आणि तेवढा वेळ इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. यंत्र तेच काम सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतं. वेगापुरता हा वाद संपलेला आहे.

तरीही मॅन्युअलची मागणी मेलेली नाही. २०१३ मध्ये पोर्शने जीटी३मधून मॅन्युअल काढून टाकला होता. २०१७ मध्ये तो परत द्यावा लागला. लोक जाणूनबुजून हळू गाडी मागतात, याला केवळ हौस म्हणून सोडून देणं मला पटत नाही. आणि नागपुरात राहणाऱ्याने तर हा निर्णय ब्रोशरमधल्या सेकंदांवर घेऊच नये. वर्धा रोडवर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत अर्धा सेकंद वाचवून काही हाती लागत नाही. शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलात, की सपाटीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. एकदा वरचा गिअर पडला की पुढचे कित्येक तास दोन्ही गाड्या सारख्याच चालतात. फरक जाणवतो तो अगदी वेगळ्या ठिकाणी: गाडी उठताना, सीताबर्डीच्या गर्दीत रांगताना, पुलाच्या चढावर थांबताना आणि घाट उतरताना. म्हणजेच इंजिन आणि चाकं एकमेकांना जोडली जातात, त्या क्षणी.

ही जोडणी अवघड का आहे? पेट्रोल इंजिन मिनिटाला साधारण ७००-८०० फेऱ्यांच्या खाली चालूच शकत नाही, बंद पडतं. उभ्या गाडीची चाकं मात्र शून्य फेऱ्यांवर असतात. गाडी ताशी १०० च्या वेगाने धावत असली, तरी दोन मीटर घेराचं चाक मिनिटाला जेमतेम ८३० वेळा फिरतं. स्पोर्ट्‌स कारचं इंजिन तर सात-आठ हजार फेऱ्यांपर्यंत ओढलं जातं; जीटी३चं नऊ हजारांपर्यंत. ही तफावत गिअर भरून काढतात. पण ८०० आणि शून्य यांच्यामधलं अंतर भरून काढणारा गिअर जगात नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. तिथे काहीतरी घसरू द्यावंच लागतं; मॅन्युअलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी क्लच प्लेट ते काम करते. आणि जे घसरतं, ते तापतं.

किती तापतं, याचा हिशेब फार सुंदर आहे. सपाट रस्त्यावर इंजिनाच्या फेऱ्या एका आकड्यावर धरून तुम्ही क्लच सोडत गेलात, तर इंजिनाने दिलेल्या ऊर्जेतली निम्मी गाडीच्या गतीत जाते आणि निम्मी क्लच प्लेटवर जळते. क्लच झटकन सोडा की अलगद, वाटणी निम्मी-निम्मीच राहते. मात्र फेऱ्या किती ठेवल्या, याने एकूण आकडा बदलतो, आणि तोही वर्गाने बदलतो. गाडी १५०० किलोची आहे आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १४ फेऱ्यांना चाक एकदा फिरतं असं धरू. इंजिन २००० फेऱ्यांवर ठेवून गाडी उचलली, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत तिचा वेग ताशी १७ किलोमीटर होतो आणि प्लेटवर सुमारे १७ हजार ज्यूल उष्णता तयार होते. हेच १००० फेऱ्यांवर केलं, तर जेमतेम सव्वाचार हजार. आणि मित्राला पिकअप दाखवायचा म्हणून ४००० फेऱ्यांवर केलं, तर ६८ हजार. फेऱ्या चौपट, उष्णता सोळापट.

आता पुलाच्या चढावर या. शंभर मीटरला चार मीटर चढणाऱ्या रस्त्यावर पुढची रांग थांबली आहे, आणि ब्रेक न दाबता हाफ क्लचवर, म्हणजे क्लचचं पेडल अर्धवट दाबून, तुम्ही गाडी जागच्या जागी तोलून धरली आहे. इंजिन १५०० फेऱ्यांवर आहे. गाडी हलतच नाही, त्यामुळे इंजिनातून क्लचपर्यंत आलेली सगळीच ऊर्जा तिथे उष्णता होते: दोन किलोवॉटच्या थोडी वर, म्हणजे घरातल्या गिझरइतकी. एका मिनिटात सव्वा लाख ज्यूल! पिकअप दाखवायच्या त्या दणक्याच्या जवळजवळ दुप्पट, तेही गाडी इंचभर न सरकता. क्लच प्लेटचा वास येतो तो बहुतेकदा अशा शांतपणे उभ्या असलेल्या गाडीतून. मिस्त्रीकडे प्लेट जळून आली की लोक गाडी जोरात चालवणाऱ्या पोराला बोल लावतात; माझा संशय आधी हाफ क्लचवर पाय ठेवून बसण्याच्या सवयीवर जातो. हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, पाय काढा. एवढं केलं तर प्लेट कितीतरी जास्त चालेल.

ऑटोमॅटिकमध्येही घसरण होतेच, फक्त ती दुसरीकडे नेलेली असते. ही युक्ती मोटारींसाठी शोधलेली नव्हती. जर्मन अभियंता हर्मान फॉटिंगरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वाफेचं टर्बाइन फार वेगाने फिरतं आणि जहाजाचा पंखा हळू फिरला तरच पाण्यात नीट काम करतो. त्या दोघांना जोडायला त्याने मध्ये द्रव घातला. एक चक्र द्रव फेकतं आणि समोरचं चक्र त्या माऱ्याने फिरतं. मध्ये तिसरं, स्थिर राहणारं चक्र असतं. ते परतणाऱ्या द्रवाची दिशा वळवतं आणि त्यामुळे सुरुवातीला पिळाचा जोर चक्क वाढून मिळतो. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. इथे कुठलीच प्लेट घासली जात नाही, तेल घुसळलं जातं. उष्णता तेलात जाते, तेल कूलरकडे जातं आणि उष्णता हवेत सोडून परत येतं. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या पेट्रोल जास्त प्यायच्या, त्याला हे सततचं घुसळणं मोठं कारण होतं. आता वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही चक्रं घट्ट बांधून टाकतो, त्यामुळे तो जुना आक्षेप बराचसा निकालात निघाला आहे.

दोन क्लचच्या गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी आहे. त्यात १, ३, ५ या गिअरना एक क्लच आणि २, ४, ६ यांना दुसरा. तिसऱ्यावर चालत असताना चौथा आधीच टाकून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, त्याच वेळी दुसरा पकडतो. ही कल्पना फ्रेंच अभियंता अदॉल्फ केग्रेस याने १९३० च्या दशकातच मांडली होती, पण तिला चालवणारी जलद इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तेव्हा नव्हती. पोर्शने १९८० च्या दशकात ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मधून ती रस्त्यावरच्या गाडीत आली.

हिची एक बाजू नागपूरकराने नीट समजून घ्यावी. या गिअरबॉक्समधले क्लच दोन जातींचे असतात: तेलात बुडालेले आणि कोरडे. ताकदवान स्पोर्ट्‌स कारमध्ये तेलातले असतात, कमी ताकदीच्या गाड्यांत बरेचदा कोरडे. कोरडा क्लच म्हणजे मॅन्युअलचाच क्लच, फक्त पाय संगणकाचा. इतवारी-महालच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकते, तेव्हा हा संगणक तुमच्याऐवजी हाफ क्लच धरतो. पुढची रिक्षा आता थांबणार की निघणार, हे त्याला दिसत नाही. तुम्ही दोन गाड्यांएवढी जागा मोकळी होऊ देता आणि मग एकदाच पुढे जाता. ब्रेकवरून पाय थोडा उचललात, की तो मात्र लगेच रांगायला लागतो. वर लिहिलेलं गणित त्यालाही तसंच लागू आहे.

आणि आपला उन्हाळा? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कोरड्या क्लचचा पृष्ठभाग जोरात वापरला की शंभर-दोनशे अंशांच्या घरात तापतो. त्यापुढे बाहेरचे वीस अंश जास्त असणं हे मुख्य संकट नाही. मुख्य संकट म्हणजे दोन घसरणींच्या मध्ये थंड व्हायला वेळ न मिळणं. तेलाच्या गिअरबॉक्सचं मात्र उलट आहे. तेल ९५ अंशांवर असेल, तर २५ अंशांच्या हवेशी त्याचा फरक ७० अंशांचा असतो; ४५ अंशांच्या हवेशी फक्त ५० चा. कूलर जी उष्णता बाहेर टाकतो ती या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे नागपूरच्या दुपारी तोच कूलर तीस टक्क्यांच्या आसपास कमी काम करतो. तेलाचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणून ‘या तेलाला कधी हात लावायचा नाही’ असं विकताना कोणी सांगितलं, तरी आपल्या हवेत मी ते मानणार नाही. गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलं असेल, तर आपलं तेच.

इथवरचा सगळा हिशेब ऑटोमॅटिककडे, त्यातही टॉर्क कन्व्हर्टर किंवा तेलातल्या क्लचकडे झुकतो. मग मॅन्युअल कशासाठी? त्याचं उत्तर सपाट नागपुरात मिळत नाही, परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढलात की मिळतं.

उतारावर १५०० किलोची गाडी ७०० मीटर खाली आली, तर एक कोटी ज्यूलहून जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापतात, पेडल लिबलिबीत होतं. खालचा गिअर टाकला, की त्यातला बराच भार इंजिन उचलतं. ऑटोमॅटिकमध्येही हे जमतं. डी (गिअर यंत्राने निवडायचा नेहमीचा मोड) सोडून मॅन्युअल मोडवर या, स्टिअरिंगमागचं पॅडल ओढा. गिअर निवडायचा हक्क ऑटोमॅटिक आता काढून घेत नाही, हे मॅन्युअलच्या भक्तांनी मोकळेपणाने मान्य करावं. पण जोडणी मात्र तिथे यंत्रच करतं.

मॅन्युअलमध्ये ती तुमची असते. तिसऱ्यात इंजिन ३००० फेऱ्यांवर आहे. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ४५०० लागतात. नुसता क्लच सोडलात तर इंजिनाला वर खेचण्याचं काम चाकं करतील: गाडी हिसका देईल, आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या वळणावर शेपूट फिरवेल. म्हणून ब्रेक दाबलेल्या पायाच्याच कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी मारून फेऱ्या आधी ४५०० वर आणायच्या आणि मग क्लच सोडायचा. हे जमलं की दुसरा गिअर पडल्याचं शेजारी बसलेल्याला कळतही नाही. घसरण जवळजवळ शून्य, म्हणून उष्णताही जवळजवळ शून्य. निसानने ३७०झेडमध्ये ही टिचकी मॅन्युअल गाडीतच संगणकाकडून मारून घ्यायची सोय केली, आणि आता ती अनेक गाड्यांत असते. मी ती बंद ठेवा म्हणेन. या कामात कान, तळपाय आणि नजर एकाच वेळी गुंततात, पुढचं वळण दिसताच गिअर ठरतो, आणि यंत्राच्या आत काय चाललंय ते शरीराला समजतं. अर्धा सेकंद गमावून लोक हेच मागतात, आणि ती मागणी मला अगदी रास्त वाटते.

विजेच्या गाडीत हा सगळा पेचच नाहीसा होतो. मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे काही घसरू द्यायची गरजच पडत नाही. तरीही ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन आणली तेव्हा तिच्यात खोटे गिअर घातले. गिअर बदलल्याचा आवाज आणि हिसका सॉफ्टवेअर तयार करतं. जोडणीची भूक किती खोल आहे, ते यावरून दिसतं.

माझं मत सरळ आहे. रोज ऑफिसला नेणारी एकच गाडी असेल, तर नागपुरात ऑटोमॅटिक घ्या, आणि क्लच कोरडा आहे की तेलातला हे शोरूममध्ये विचारून घ्या. विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा. घरात दुसरी गाडी असेल आणि ही रविवारच्या पहाटेसाठी असेल, तर मॅन्युअल. जुनी घेत असाल, तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने चालवत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्यांचा काटा भरकन वर गेला आणि गाडी मागे राहिली, तर क्लच स्लिप होतोय; नव्या क्लचचा खर्च किमतीतून कमी करून मागा. जुन्या ऑटोमॅटिकची चाचणी दुपारी घ्या, अर्धा तास गर्दीत चालवून झाल्यावर. सकाळच्या थंड तेलात चांगला वाटणारा गिअरबॉक्स तेव्हा झटके देऊ लागला, किंवा डी टाकल्यावर क्षणभर थांबून मग पकडू लागला, तर ती गाडी सोडून द्या.