नावेतला सोबती : दत्तक कुत्र्याबाबत आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर कॅनो, वल्ही आणि गळाचे साहित्य भाड्याने देणारे आमचे दुकान लहान आहे, त्यामुळे बहुतेक ग्राहकांशी आमचे बोलणे होते आणि त्यांच्या घरची हकिगतही आम्हाला ठाऊक असते. गेल्या काही हंगामांत ‘कुत्र्याला नावेत घेऊ का?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘नावेत येईल असा कुत्रा कुठून आणावा?’ हा प्रश्नही वारंवार विचारला जाऊ लागला आहे. आमचे उत्तर ठरलेले आहे. प्राणी-बचाव संस्थेकडे घराची वाट पाहत असलेला, दीड-दोन वर्षांचा देशी कुत्रा दत्तक घ्यावा. मात्र तो आधी आपल्या घरचा व्हावा आणि त्यानंतर, त्याची इच्छा असेल तरच, नावेतला सोबती व्हावा. नाव त्याला मानवली नाही, तरीही तो आपल्याच घरी राहील, अशी ज्यांच्या मनाची तयारी नसेल, त्यांनी नावेसाठी म्हणून कुत्रा आणू नये, असे आम्ही दुकानातही स्पष्टपणे सांगतो.

निवड करताना

मोठ्या कुत्र्याचा आग्रह आम्ही धरतो, कारण पिल्लाचा स्वभाव पुढे कसा घडेल हे कोणालाच सांगता येत नाही, तर मोठ्या कुत्र्याचा स्वभाव दोन-तीन भेटींत बराचसा दिसून येतो. संस्थेत गेल्यावर रंगरूपाकडे पाहण्याऐवजी एक साधी गोष्ट पाहावी. जवळच एखादी ताटली पडून आवाज झाला, तर कुत्रा दचकणारच. पण काही क्षणांत तो सावरून आवाजाच्या दिशेने वास घेत येतो की कोपऱ्यात जाऊन थरथरत बसतो, यावरून पुष्कळ कळते. पहिल्या प्रकारचा कुत्रा हलत्या नावेशी जुळवून घेण्याची शक्यता अधिक असते. दुसऱ्या प्रकारच्या कुत्र्यालाही घर हवेच आहे, परंतु त्याला शांत घर द्यावे, पाण्याची घाई करू नये. खाण्याच्या भांड्याजवळ कोणी गेल्यास कुत्रा गुरगुरतो का, हेही विचारून घ्यावे. कारण नावेत आमिष आणि मासे हाताच्या अंतरावर असतात आणि तेथे अशा भांडणाला जागा नसते.

देशी कुत्र्याची आखूड केसाळ कातडी लवकर वाळते आणि उभ्या कानांत हवा खेळत असल्याने लोंबत्या कानांच्या कुत्र्यांइतका कानांच्या संसर्गाचा त्रास त्याला सहसा होत नाही. पंधरा ते वीस किलोंचा कुत्रा आमच्या दोन माणसांच्या कॅनोत नीट सामावतो. त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच्या अंगावर चरबी कमी असते, त्यामुळे तो पाण्यात लॅब्रॅडॉरपेक्षा खोल तरंगतो आणि लवकर गारठतो. म्हणूनच ‘आमचा कुत्रा पोहतो, त्याला तरंगण्याचे जॅकेट कशाला?’ हे म्हणणे आम्ही मान्य करत नाही.

कानाला खाच असलेल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले असते, आणि त्या वेळी सहसा रेबीजची लसही दिलेली असते. तरीही लसीकरणाचे कागद मागून घ्यावेत. महापालिकेचा परवाना काढावा. पशुवैद्यकांना हा कुत्रा धरणावर जाणार असल्याचे पहिल्याच भेटीत सांगावे, कारण त्यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची लस. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि हा आजार माणसालाही होतो. या लसीच्या सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा देतात व पुढे ती दरवर्षी द्यावी लागते. दुसरी म्हणजे गोचिडांवरील औषध. पाठीवर टाकायच्या काही औषधांचा परिणाम वारंवार पोहण्याने कमी होतो; पोटात द्यायची गोळी अशा कुत्र्याला अधिक सोयीची ठरू शकते.

पहिले तीन महिने : जमिनीवर

कुत्र्यांचा सांभाळ करणारी मंडळी एक ढोबळ हिशेब सांगतात : भीती ओसरायला तीन दिवस, घरची रीत कळायला तीन आठवडे आणि ‘हे माझे घर’ असे वाटायला तीन महिने. आमचा अनुभवही याहून वेगळा नाही. या काळात पाण्याचा विषय काढू नये. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ आणि ‘सोड’ हे चार शब्द घरातील सर्वांनी एकाच पद्धतीने शिकवावेत. त्यांतला ‘सोड’ हा शब्द गळ टाकणाऱ्याच्या कुत्र्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. मुठीत उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरावा. कुत्रा मूठ चाटेल, पंजा मारेल, आणि ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल त्या क्षणी ‘सोड’ म्हणून दुसऱ्या हातातील त्याहून चविष्ट तुकडा द्यावा. काही आठवड्यांत हा शब्द जमिनीवर पडलेल्या वस्तूंनाही लागू होतो.

या शब्दाबाबत आम्ही इतके आग्रही का आहोत, हे सांगताना आमच्या हातून झालेली चूकच सांगावी लागेल. आमच्या दुकानातील चिंगी ही सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सापडलेली कुत्री. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेले आमिष लावलेला गळ आम्ही एकदा काठावरच्या दगडावर ठेवला आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडवण्यासाठी पाठ फिरवली. माशासाठी केलेला तो गोळा चिंगीच्या दृष्टीने पोळीचा घासच होता. गळ तिच्या खालच्या ओठात रुतला, दवाखान्यात भूल देऊन काढावा लागला आणि नंतर कितीतरी दिवस ती रॉड पाहिला की दूर जाऊन बसत असे. तिची यात काहीही चूक नव्हती. त्या दिवसापासून आमिष लावलेला गळ हातात किंवा झाकणाच्या डब्यात असावा, तिसरी जागा त्याला नसावी, हा नियम आम्ही स्वतःला आणि ग्राहकांनाही लावला आहे.

नावेची ओळख

दुकानामागील अंगणात आम्ही एक जुनी कॅनो गवतावर ठेवलेली आहे. ती केवळ कुत्र्यांच्या सरावासाठी असून तिचे भाडे आम्ही घेत नाही. पहिल्या दिवशी कुत्र्याने तिचा वास घेतला तरी पुरे. नंतर तिच्यात रबरी चटई अंथरून त्याला आत यायला लावावे. गुळगुळीत तळावर पंजे घसरले की कुत्र्याचा नावेवरचा विश्वास पहिल्याच दिवशी जातो, म्हणून चटई आवश्यकच आहे. संध्याकाळचे जेवण काही दिवस तेथेच द्यावे, त्यानंतर नाव हाताने हळूहळू डोलवावी, आणि शेवटी त्याच्या डोक्यावरून वल्हे इकडून तिकडे न्यावे. ज्या कुत्र्याने पूर्वी काठीचा मार खाल्ला आहे, त्याला वल्हे म्हणजे काठीच वाटते. अशा वेळी वल्हे आठवडाभर नुसते जमिनीवर पडू द्यावे आणि त्याच्या आसपास खाऊ ठेवावा.

प्रत्यक्ष पाण्यात पहिली फेरी दहा मिनिटांची आणि काठालगत असावी. आधी एका माणसाने बसावे, मग कुत्र्याने, आणि नाव ढकलणाऱ्याने सर्वांत शेवटी. कुत्र्याची जागा मधोमध आणि तळाशी. उतरताना तो परवानगीशिवाय उडी मारणार नाही, एवढे शिकणे पूर्ण होईपर्यंत खोल पाण्यात जाऊ नये, कारण नावा उलटण्याचे प्रकार बहुधा काठाजवळ आल्यावर अधीर झालेल्या कुत्र्याच्या उडीनेच घडतात. पट्टा नावेला किंवा स्वतःच्या कमरेला कधीही बांधू नये. नाव उलटली, तर बांधलेला कुत्रा तिच्याखाली अडकतो.

जॅकेटच्या पाठीवर भक्कम मूठ असते, ती उचलण्यासाठीच आहे. पाण्यात पडलेला घाबरलेला कुत्रा माणसाच्या खांद्यावर चढू पाहतो आणि त्याची नखे लागतात. म्हणून त्याला समोरून कवेत न घेता मागच्या बाजूने मूठ धरावी व काठाकडे वळवावे. प्रत्येक कुत्र्याला जन्मतः पोहता येते, हा समज चुकीचा आहे. नवखा कुत्रा पुढच्या पंजांनी पाणी झोडपत राहतो आणि त्याचा मागचा भाग बुडू लागतो. पोटाखाली हात देऊन मागचा भाग वर धरला की त्याला लय सापडते. पोहायला शिकवण्यासाठी कुत्र्याला पाण्यात फेकण्याची पद्धत आजही दिसते, ती कृपा करून कोणीही वापरू नये.

आपल्या पाण्यावरची विशेष काळजी

पानवेलींचा थर कुत्र्याला हिरवळीसारखा दिसतो. नावेतून तो त्यावर पाय टाकतो आणि मुळांच्या जाळ्यात गुंततो. गोदावरीच्या ज्या भागात पानवेली साचल्या असतील, तेथून नाव दूर ठेवावी. मच्छीमार बांधवांनी लावलेली नायलॉनची जाळी पाण्याखाली दिसत नाहीत, म्हणून तरंगते थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्यांची रांग दिसली की तेथे कुत्र्याला पोहू देऊ नये, आणि कुत्रा अडकलाच तर कामी येईल असा लहान चाकू जवळ ठेवावा. जाळे कापले गेल्यास त्याची भरपाई मालकाला भेटून करावी. पाण्यावर हिरव्या रंगाचा ऑइलपेंटसारखा तवंग दिसल्यास तो निळ्या-हिरव्या शेवाळाचा असू शकतो, आणि त्यातील काही प्रकार कुत्र्यासाठी प्राणघातक विषारी असतात. अशा जागी पोहणे व पाणी पिणे दोन्ही टाळावे. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.

उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि उघडा पडलेला काळा कातळ तापतो. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्यावर पंजे टेकवायला लावू नयेत. एप्रिल-मे महिन्यांत कुत्र्यासह नाव आम्ही सकाळी नऊपर्यंतच देतो. धाप थांबत नसेल, लाळ घट्ट झाली असेल, चाल डळमळत असेल, तर पोट व मांड्या पाण्याने सतत भिजवत, वारा घालत त्याला थेट दवाखान्यात न्यावे. थंडीच्या पहाटे याच्या उलट धोका असतो. ओला कुत्रा वाऱ्यात बसवू नये, जाड टॉवेल जवळ ठेवावा.

बिबट्याविषयी आम्हाला थोडे अधिक सांगायचे आहे. नाशिक जिल्ह्यात उसाच्या फडांतून, नदीकाठच्या झुडपांतून बिबट्यांचा वावर आहे, आणि कुत्रा हे त्यांचे नेहमीचे भक्ष्य आहे. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा आढळला. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी अर्धा तास तरी काठ सोडावा, झुडपांजवळ कुत्र्याला मोकळे सोडू नये आणि कुत्र्यासह धरणाकाठी तंबूत मुक्काम करू नये. या मुक्कामासाठी आम्ही साहित्य देत नाही. काही ग्राहक त्यावरून नाराज होतात, पण हा निर्णय आम्ही बदलणार नाही.

नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य असून 2020 पासून राज्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तेथे कुत्रा नेऊ नये. गंगापूरच्या फुगवट्यावरही हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, त्यांच्या थव्यामागे कुत्र्याला पळू देऊ नये. हे धरण शहराच्या पिण्याच्या पाण्याचे आहे, म्हणून कुत्र्याची विष्ठा पिशवीत भरून परत आणावी. जलाशयात उतरण्यासाठी जलसंपदा विभागाची आणि मासेमारीसाठी तेथील मच्छीमार संस्थेची परवानगी लागते. आमची भाडेपावती म्हणजे ती परवानगी नव्हे.

गळ, मासा आणि कुत्रा

रॉड मागे नेऊन फेकताना कुत्रा कोठे बसला आहे हे प्रत्येक वेळी पाहावे. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. एखादा मासा निसटेल, परंतु ओठात किंवा कानात रुतलेला गळ निघताना मांस फाटणार नाही. गळ गिळला गेल्यास तंगूस ओढू नये. वीतभर तंगूस बाहेर राहू देऊन ती पट्ट्याला बांधावी, काहीही खाऊ न घालता पशुवैद्यकांकडे न्यावे व एक्स-रे काढून घ्यावा. वेदनेत असलेला आपला स्वतःचा कुत्राही चावू शकतो; तसे झाल्यास जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि कुत्र्याची लस झालेली असली तरी डॉक्टरांना दाखवावे.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा काटा कुत्र्याच्या नाकाला फार लागतो, म्हणून पकडलेला मासा झाकणाच्या टोपलीत ठेवावा. काठावर पडलेले मेलेले मासे खाऊ देऊ नयेत. मरळ किंवा रोहू घरी शिजवल्यावर काटे पूर्ण काढलेला तुकडा, मीठ-मसाल्याशिवाय, त्याला अवश्य द्यावा. तोही त्या सकाळचा भागीदार आहे.

आमच्याकडील व्यवस्था

कुत्र्यांची जॅकेटे तीन मापांत उपलब्ध असून नावेसोबत ती विनाशुल्क मिळतात. छातीचा घेर मोजण्यासाठी कुत्र्याला सोबत आणावे. सरावाची वेळ मंगळवार ते गुरुवार सकाळी आहे, कारण त्या दिवसांत अंगणात गर्दी नसते. जून ते सप्टेंबर या काळात आम्ही कोणालाही नाव देत नाही. धरणातून विसर्ग सुरू झाला की रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कोठवर आले हे पाहायला शहर जमते. तेव्हा कुत्र्यासह प्रत्येकाने नदीपात्रापासून लांबच राहावे.

पहिल्या फेरीत कुत्र्याने नावेत बसण्यास नकार दिला, तर त्या दिवसाचे पूर्ण भाडे आम्ही परत करतो. अशा ग्राहकांना आम्ही काठावरून गळ टाकण्याची छोटी खुर्ची आणि लांब पट्टा देतो. चिंगीसुद्धा त्या अपघातानंतर वर्षभर नावेत आली नाही. ती काठावर सावलीत बसून आमची वाट पाहत असे, आणि एका सकाळी आम्ही न बोलावता स्वतःच चटईवर येऊन बसली.