सायटोमेगॅलोव्हायरस फुप्फुसशोथ

प्रतिकारक्षमता खालावलेल्या, विशेषतः दात्याची अस्थिमज्जा किंवा अवयव बसवलेल्या रुग्णांत सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) या विषाणूमुळे होणारा न्यूमोनिया. हा विषाणू नागीण विषाणूच्या कुलातला असून एकदा शिरला की आयुष्यभर शरीरात सुप्त राहतो. भारतातील बहुसंख्य प्रौढांना त्याची लागण आधीच झालेली असते. त्यामुळे येथे प्रतिरोपणानंतरचा आजार प्रायः सुप्त विषाणू जागा झाल्याने होत असावा.

बाधित पेशी फुगते. तिच्या केंद्रकातील गडद गोळ्याभोवती फिकट वलय उमटून ती घुबडाच्या डोळ्यासारखी दिसते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ हूगो रिबर्ट यांनी अशा पेशी १८८१ मध्ये मृतजात अर्भकाच्या मूत्रपिंडात पाहिल्या, पण नोंद १९०४ मध्ये केली. म्हणून पहिल्या निरीक्षणाचे वर्ष दोन्ही प्रकारे दिले जाते. तेव्हा त्या आदिजीव समजल्या गेल्या. स्मिथ, रो आणि वेलर या संशोधकांनी १९५६-५७ च्या सुमारास विषाणू स्वतंत्रपणे वेगळा केला.

ताप, कोरडा खोकला, धाप ही लक्षणे आणि सीटी स्कॅनमधील धूसर छटा न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या संसर्गातही आढळतात. त्यामुळे ब्राँकोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) करून फुप्फुसाच्या एका भागात सलाइन सोडतात व ते धुवण परत ओढून त्यात विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी करतात. खरा वाद येथे आहे. विषाणू सापडला म्हणजे आजार त्याचाच, असे ठरत नाही : एड्सच्या अनेक रुग्णांत तो धुवणात मिळतो, तरी केवळ न्यूमोसिस्टिसवरील औषधांनी ते बरे होतात. विषाणूची किती मात्रा निर्णायक मानावी, यावर एकमत नाही. मात्र पीसीआर नकारात्मक आल्यास हे निदान बहुधा बाद करता येते. पक्की खात्री ऊतक तपासणीनेच होते, पण बिंबाणू (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट) घटलेल्या रुग्णात रक्तस्रावाच्या भीतीने ती सहसा टळते. फुप्फुसाची हानी विषाणूपेक्षा प्रतिकारपेशींमुळे होते, हे ग्रंडी, शॅन्ली व ग्रिफिथ्स या संशोधकांचे १९८७ चे मत अस्थिमज्जा प्रतिरोपणाच्या रुग्णांत अधिक पटते. एड्समध्ये प्रतिकारपेशीच घटलेल्या असल्याने तेथील चित्राशीही ते जुळते.

गॅनसायक्लोव्हिर हे विषाणूरोधी औषध येण्यापूर्वी अस्थिमज्जा प्रतिरोपणानंतर हा आजार झालेले सुमारे ८५ टक्के रुग्ण दगावत. हे औषध शिरेतून, प्रतिकिलो ५ मिग्रॅ., दर १२ तासांनी देतात. मूत्रपिंड अशक्त असल्यास मात्रा घटवतात. त्याने पांढऱ्या पेशी घटतात, तर पर्यायी फॉस्कारनेट मूत्रपिंडास बाधते. सोबत इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे) देण्याची प्रथा १९८८ मधील उत्साहवर्धक अहवालांनंतर रूढ झाली. नंतरच्या आढाव्यांत तिचा लाभ स्पष्ट दिसला नाही. म्हणूनच रक्तातील विषाणू दर आठवड्याला मोजून, तो वाढताच लक्षणांआधी औषध सुरू करणे अधिक इष्ट. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले लेटरमोव्हिर हे औषध प्रतिबंधासाठी आहे.