गुणवत्ताधिष्ठित समाज आणि न्याय

गुणवत्ताधिष्ठित समाज : अधिकाराची पदे, उच्च शिक्षणातील जागा आणि त्यांच्यामागून येणारे उत्पन्न व मानमरातब जन्म, कुळ, जात किंवा वशिला यांवरून न ठरता व्यक्तीची क्षमता आणि तिचे श्रम यांवरून ठरावेत, या तत्त्वावर उभी असलेली समाजव्यवस्था. अशी व्यवस्था न्याय्य ठरू शकते का, हा राज्यशास्त्र व नीतिशास्त्र यांतील जुना वाद आहे. कोल्हापूर संस्थानात तो विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत प्रत्यक्ष राज्यकारभाराचा प्रश्न झाला, म्हणून या नोंदीत त्याचा विचार मुख्यतः कोल्हापूरच्या अनुभवाला धरून केला आहे.

या तत्त्वाचे बळ आधी मान्य केले पाहिजे. कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी आणि पाटलाचा मुलगा पाटील, मग त्याला हिशेब येवो वा न येवो, ही वतनी पद्धत शतकानुशतके चालली आणि तिचा भुर्दंड रयतेने सोसला. चीनमध्ये सुई राजवटीपासून १९०५ पर्यंत अधिकारी परीक्षेतून निवडले जात. हिंदुस्थानातील वरिष्ठ मुलकी नोकऱ्या १८५५ पासून खुल्या स्पर्धा परीक्षेने भरल्या जाऊ लागल्या. या दोन्ही पद्धतींत सरदार घराण्यांची मक्तेदारी मोडण्याची ताकद होती. तथापि, हिंदुस्थानातील परीक्षा १९२२ पर्यंत फक्त लंडनमध्ये होत असे. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याचा बोटभाड्याचा खर्च एकाच पक्षाला. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. पुढे १८७० च्या दशकात कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली आणि भारतीय उमेदवारांची वाट आणखी अरुंद झाली. नियम सर्वांना सारखा असूनही निकाल अन्यायाचा लागू शकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडते.

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा संस्थानाच्या सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि सुमारे ५०० कारकुनी जागांपैकी जेमतेम १० जागांवर ब्राह्मणेतर होते. हे चित्र कोणत्याही लेखी वगळणुकीमुळे तयार झालेले नव्हते. शिकलेला उमेदवार हवा, एवढीच अट होती आणि शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या एकाच वर्गात साठलेले होते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. ज्या खात्यात या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी, आणि प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा तिमाही तक्ता सादर करावा, असेही त्यात बजावले होते. या तक्त्याची तरतूद सहसा उल्लेखिली जात नाही, पण जाहीरनाम्याचे मर्म तीत आहे : निवड करणाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबून न राहता त्याच्याकडून हिशेब मागितला गेला.

या धोरणाला विरोध करणाऱ्यांचा मुख्य आक्षेप लायकीचा होता. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी तो मांडला असता महाराजांनी त्यांना पागेत नेले, एरवी तोबऱ्यातून दिली जाणारी चंदी जाजमावर एकत्र ओतायला लावली आणि दांडगी घोडी खात असताना अशक्त शिंगरे मागे कशी उभी राहतात ते दाखवले, अशी आठवण कोल्हापुरात आजही सांगितली जाते. ती बोलकी असली तरी तेवढ्यावर वाद संपत नाही, कारण सरकारी पद ही केवळ वाटून खायची चीज नव्हे. पद रयतेच्या कामासाठी असते, आणि त्यावरचा माणूस काम करण्यास समर्थ असला पाहिजे, हा आक्षेपकांचा मुद्दा खराच आहे. त्याचे खरे उत्तर पागेत नाही; ते वसतिगृहांत सापडते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह उभे राहिले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठरला. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा १९१९ मध्ये बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला. राखीव जागा आणि त्या जागेस लायक माणूस घडवण्याची सोय ही दोन्ही कामे एकाच हाताने आणि एकाच वेळी चालू होती. १९१८ मध्ये याच राजाने कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, हेही ध्यानात घ्यावे. गुणवत्तेला विरोध म्हणून राखीव जागा आल्या, हे म्हणणे कोल्हापूरच्या बाबतीत टिकत नाही. वतन मोडणे आणि जागा राखणे या एकाच विचाराच्या दोन बाजू होत्या.

नोकरीबाहेरही हा प्रश्न येतो. राजवाड्याच्या सेवेत असलेले गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढे महाराजांच्या मदतीने त्यांनी चहाचे हॉटेल काढले. चहा उत्तम असूनही गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही देववू लागले. बाजार गुणाची किंमत करतो असे म्हणताना गिऱ्हाइकाचा सोवळेपणाही त्या किमतीत मिसळलेला असतो, हे यावरून दिसते.

कुस्ती हे कोल्हापुरात गुणवत्तेचे सर्वांत निखळ क्षेत्र मानले जाते. आखाड्यातल्या तांबड्या मातीत कोणाची पाठ लागली हे हजारो डोळे पाहतात, तेथे वशिला चालत नाही. पण मल्ल तालमीत येण्याआधी त्याला दूध, तूप, बदाम यांचा खुराक कोणी तरी पुरवलेला असतो, आणि खासबाग मैदान बांधणाऱ्या शाहू महाराजांनी हा खर्च दरबाराच्या तिजोरीतून केला होता. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेले व सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कॉलेजच्या प्राचार्यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पदक सर्वस्वी त्यांच्या कर्तबगारीचे आहे. तरीही ते मॅटवर पोहोचले की नाही, हे एका प्राचार्यांच्या औदार्यावर अवलंबून राहिले. ज्या समाजात गुणी माणसाला असे औदार्य लाभावे लागते, त्याला न्याय्य म्हणता येणार नाही. किती खाशाबा गावातच राहिले याची मोजदाद कोणी करू शकत नाही.

तात्त्विक पातळीवर दोन आक्षेप महत्त्वाचे आहेत. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकल यंग यांनी १९५८ मध्ये अशा समाजाचे चित्र इशारा म्हणून रंगवले : वर पोहोचलेल्यांना आपण सर्वस्वी पात्र आहोत असे वाटू लागते आणि खाली राहिलेल्यांना दोष द्यायला नशीबही उरत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये त्याहून मूलगामी मुद्दा मांडला. बुद्धी, चिकाटी, सुदृढ शरीर हेही माणसाने कमावलेले नसून जन्म आणि घर यांच्या योगायोगाने मिळालेले असते. म्हणून त्यांचे फळ सर्वांत दुर्बळांच्याही उपयोगी पडेल अशी व्यवस्था हवी. अमर्त्य सेन यांच्या मते गुणवत्ता कशाला म्हणावे हे समाजाला कोणते परिणाम हवे आहेत त्यावर ठरते. शाहूवाडी किंवा गगनबावडा तालुक्यात टिकून राहणारा आणि तेथील माणसांशी त्यांच्या बोलीत बोलणारा डॉक्टर समाजाला हवा असेल, तर ते गुणही मोजले गेले पाहिजेत, असा याचा अर्थ निघतो.

भारतीय संविधानाने कलम १६(४) मध्ये राखीव जागांना आधार दिला आणि कलम ३३५ मध्ये प्रशासनाच्या कार्यक्षमतेचे भान ठेवले. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा घातली आणि इतर मागासवर्गांतील प्रगत गट वगळण्यास सांगितले. २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, खुल्या स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे समीकरण मांडता येत नाही, असे याच न्यायालयाने स्पष्ट केले.

परीक्षेत बसणारेच नाहीत त्यांचा विचार या वादात सहसा राहून जातो. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावणे, त्याची जाडी हाताने ओळखणे, वेणी गुंफणे हे ढोर व चांभार समाजातील स्त्रीपुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान आहे. शिरोलीच्या फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाच्या रंगावरून ओतण्याची वेळ ठरवणाऱ्या कामगाराचे कौशल्यही त्याच तोलाचे आहे. यांपैकी कशालाही गुणपत्रिकेत रकाना नाही. निवडीची पद्धत कितीही निर्दोष केली तरी अधिकाऱ्याची जागा एकालाच मिळणार आणि बाकीचे चपला शिवणार, लोखंड ओतणार, ऊस तोडणार. त्यांचा दवाखाना, म्हातारपण आणि मुलांची शाळा परीक्षेच्या निकालावर टांगलेली नसणे ही न्यायाची वेगळी अट आहे आणि निवडीच्या कोणत्याही सुधारणेने ती पुरी होत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने नाव सुरक्षित झाले. शिवणाऱ्याच्या मजुरीचा दर मानांकनाच्या कायद्यात ठरत नाही, तो अजून व्यापाऱ्याच्या दुकानात ठरतो.