स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

"काळजी नको मॅडम, स्नॅपशॉट आहे ना!" ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कर-सल्लागाराच्या ऑफिसात सप्टेंबरमध्ये हे वाक्य ऐकलं आणि मला खरी काळजी तिथूनच लागली. हिशेबाचं सगळं काम तिथे एका व्हर्च्युअल मशीनवर चालतं. ते सकाळी मध्येच थांबलं होतं आणि स्क्रीनवर डिस्क भरल्याची सूचना होती. एप्रिलमध्ये कुठल्याशा अपडेटआधी घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे काही बिघडलं तर परत जाता यावं म्हणून गोठवून ठेवलेली मशीनची त्या क्षणाची स्थिती, तसाच पडून होता. नावाच्या शेवटी '०००००१' असलेली एक भलीमोठी फाइल कचरा समजून ऑफिसातला मुलगा उडवायला निघाला होता. मी आधी त्याचा हात धरला.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी 'व्हीएम/३७०' आणलं, १९९९ मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने तीच सोय साध्या पीसीवर आणली. ठाण्याहून वाशीला लोकलने जाताना ऐरोली-रबाळे पट्ट्यात डेटा सेंटरच्या ज्या इमारती आहेत, त्यांतही एकेका सर्व्हरवर अशी अनेक मशीन एकाच वेळी चालतात. या आतल्या संगणकाची हार्ड डिस्क मात्र बाहेरून पाहिलं तर निव्वळ एक फाइल असते. स्नॅपशॉटचं सगळं गणित या फाइलीत आहे.

बहुतेकांना वाटतं, स्नॅपशॉट घेतला की डिस्कची अख्खी नक्कल होते. तसं असतं तर १०० जीबीची डिस्क दोन सेकंदांत कशी उरकली असती? नक्कल होतच नाही. सोसायटीचं सभासद रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. ऑडिट झालं, रजिस्टर बंद केलं, त्यात आता खाडाखोड करायची नाही. पुढचा प्रत्येक बदल नव्या वहीत लिहायचा. सभासदाचा फोन नंबर हवा असेल तर आधी नवी वही चाळायची, तिथे नसेल तर जुनं रजिस्टर उघडायचं. स्नॅपशॉट घेण्याच्या क्षणी फक्त ही नवी कोरी वही उघडली जाते. ती '०००००१' फाइल म्हणजे ही वही. ती उडवली असती तर एप्रिलपासूनची प्रत्येक नोंद गेली असती.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या केव्हीएमबरोबर डिस्कच्या फाइलीचा 'क्यूकाऊ२' नावाचा प्रकार वापरतात, त्यात डिस्कचे सहसा ६४ केबीचे तुकडे पाडलेले असतात. १०० जीबीच्या डिस्कचे असे १६,३८,४०० तुकडे होतात. तुम्ही एक अक्षर बदललंत, तरी त्याचा पूर्ण ६४ केबीचा तुकडा जुन्या फाइलीतून उचलून, बदल करून नव्या फाइलीत लिहिला जातो. कुठला तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिका ठेवावी लागते. दर तुकड्याला ८ बाइट, म्हणजे पूर्ण डिस्कसाठी साडेबारा एमबी. एकावर एक तीन स्नॅपशॉट असतील तर न बदललेला तुकडा वाचायला आधी तीन अनुक्रमणिका तपासायच्या आणि मग मूळ फाइल गाठायची. मशीन 'जड' वाटतं त्यामागे हेही एक कारण असतं. शिवाय आत तुम्ही फाइल पुसलीत म्हणून बाहेरची वही आपोआप आटत नाही. विंडोजचे अपडेट आणि तात्पुरत्या फाइली रोज नवे तुकडे लिहीत राहतात. वाढत वाढत एकेक वही मूळ डिस्कएवढी होऊ शकते. म्हणूनच व्हीएमवेअर सांगते, की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

दोन शब्दांत लोक हमखास फसतात. 'डिलीट स्नॅपशॉट' म्हटल्यावर आजचं काम जाईल अशी भीती वाटते, पण त्याने नव्या वहीतल्या नोंदी जुन्या रजिस्टरात उतरवल्या जातात. काम जातं ते 'रिव्हर्ट' केल्यावर, म्हणजे नवी वही टाकून स्नॅपशॉटच्या क्षणाकडे परत गेल्यावर. आणि मूळ डिस्कच खराब झाली तर स्नॅपशॉटचा काडीचा उपयोग नाही, कारण अर्धीअधिक माहिती त्या जुन्या फाइलीतच असते. बॅकअप म्हणजे वेगळ्या डिस्कवरची पूर्ण प्रत, शक्यतो वेगळ्या जागी ठेवलेली आणि अधूनमधून उघडून पाहिलेली.

याच ऑफिसात सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची टांगलेली होती. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहण्यातली कृतज्ञता मला मनापासून भावते. पण लिंबाने डिस्क वाचत नाही, आणि त्या भरवशावर बॅकअप राहून जातो, ही माझी खरी तक्रार आहे.

रोजच्या वापराचं थोडक्यात सांगते. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम असेल तर आतल्या मशीनला ४ जीबीच्या वर देऊ नका, बाहेरच्यालाही श्वास घ्यायला जागा हवी. 'पॉवर ऑफ' म्हणजे प्लग खेचणं, तेव्हा आतून नीट शटडाउन करा. पावसाळ्यात वीज सारखी जाते, यूपीएसची बॅटरी मे महिन्यातच तपासून घ्या.

त्या दिवशी आम्ही मशीन बंद केलं, अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवला, जुने व्हिडिओ हलवून जागा केली आणि मगच मेनूतून स्नॅपशॉट डिलीट केला. वही रजिस्टरात उतरायला संध्याकाळ झाली. मशीन चालू झालं, आदल्या दिवशीचं शेवटचं बिल जागेवर होतं. बाहेरची डिस्क तो मुलगा पिशवीत घालून कळव्याला घरी घेऊन गेला. आता दर शनिवारी तो ती आणतो, नवी प्रत घेतो आणि परत नेतो.